तुरुंगातल्या रुग्णांचे क्लेम: नवं इंजिन घेण्याआधी ताब्याची नोंद ताळ्यावर आणा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यातल्या तुमच्या टीमकडे अमेरिकेतल्या एका कंत्राटदाराचं काम आलंय. तो काही काउंटींच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) जेलमध्ये आरोग्यसेवा पुरवतो. कैद्याला बाहेरच्या हॉस्पिटलात नेलं की त्याचं बिल या कंत्राटदाराकडे येतं. ही बिलं आजही फॅक्स, टपालाने आलेले कागद, एक जुनाट ॲक्सेस डेटाबेस आणि कुणालाच पूर्ण न कळणाऱ्या एक्सेल शीट्स यांच्या जोरावर निकालात निघतात. क्लायंटला नऊ महिन्यांत नवी यंत्रणा हवी आहे, ८५ टक्के क्लेम माणसाचा हात न लागता सुटायला हवेत आणि त्याच्या प्रत्येक स्लाइडवर एआय आहे. तुम्ही विचारताय की खासगी विमा कंपन्या वापरतात तसला तयार प्लॅटफॉर्म घ्यावा की स्वतः बांधावा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घ्या किंवा बांधा, पण पहिले तीन-चार महिने त्या निर्णयाला हात लावू नका. तुमच्या क्लायंटची अडचण क्लेम इंजिनची, म्हणजे बिलं तपासून निकाल देणाऱ्या सॉफ्टवेअरची, नाही. या धंद्यात बिल अडतं ते एका प्रश्नापाशी: त्या दिवशी, त्या तासाला हा माणूस कोणाच्या ताब्यात होता? याचं खात्रीचं उत्तर देणारी यंत्रणा नसेल तर वर कितीही भारी इंजिन बसवा, ते चुकीचे निकाल अधिक वेगाने देईल. मी या कामात शिरलो ते पुण्यातच, रात्रपाळीला यूबी-०४, म्हणजे हॉस्पिटलच्या बिलांचे फॉर्म तपासत. पुढे टेनेसीत आलो. इथे नॅशव्हिलच्या आसपास तुरुंग आरोग्यसेवेतल्या काही मोठ्या कंपन्या वाढल्या, आणि मीही त्याच बिलांत रमलो. त्यामुळे खालचं बरंचसं अनुभवाचं आहे. कुठे करारावर किंवा राज्यावर अवलंबून आहे ते तिथे तिथे सांगतो.

अमेरिकेत जेल आणि प्रिझन वेगळे असतात, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच. प्रिझन राज्याचं किंवा केंद्राचं, सहसा वर्षाहून जास्त शिक्षा झालेल्यांचं. जेल काउंटीचं, बहुतेक ठिकाणी शेरिफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या हाताखालचं, आणि तिथले निम्म्याहून जास्त लोक अजून दोषीही ठरलेले नसतात. देशभरातल्या जेलमध्ये वर्षाला ७० लाखांहून अधिक वेळा माणसं आत येतात आणि सरासरी मुक्काम महिनाभराचा असतो. म्हणजे कुणी सहा तासांत जामिनावर सुटतो, कुणी दोन वर्षं तारखा मोजतो. प्रिझनची यादी त्यामानाने स्थिर असते. तुमच्या वाट्याला जेलवाला क्लायंट आलाय, म्हणजे अवघड बाजू आलीय.

दुसरं म्हणजे तुमचा क्लायंट विमा कंपनी नाही, आणि ही गोष्ट रिक्वायरमेंट लिहिताना पदोपदी आठवावी लागेल. १९७६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एस्टेल विरुद्ध गॅम्बल या खटल्यात सांगितलं की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं हे घटनेच्या आठव्या दुरुस्तीचं उल्लंघन आहे. तेव्हापासून ही सेवा देणं सरकारला टाळता येत नाही. ते काम कंत्राटावर दिलं तरी जबाबदारी सरकारच्या अंगावरून उतरत नाही. इथे मेंबर नाही, हप्ता नाही, कार्ड नाही, डॉक्टर निवडायची मुभा नाही. जेलच्या आत कंत्राटदाराची नर्स जे करते त्याचा क्लेम होतच नाही, ते त्याच्या ठरावीक रकमेत आलं. क्लेम होतो तो बाहेरच्या सेवेचा: इमर्जन्सी रूम, ॲडमिशन, ॲम्ब्युलन्स, डायलिसिस, एमआरआय, कॅन्सरचा डॉक्टर, बाहेरची लॅब.

आणि पैसा कोणाचा हेही करारागणिक बदलतं. एका काउंटीत कंत्राटदार दर कैद्यामागे दर दिवशी ठरलेली रक्कम घेतो आणि बाहेरचा सगळा खर्च त्याच्या गळ्यात असतो. दुसरीकडे बाहेरच्या खर्चाला वार्षिक कॅप, म्हणजे कमाल मर्यादा असतो, त्यावरचं काउंटी भरते. तिसरीकडे एका रुग्णामागे कॅप असतो. चौथीकडे खर्च अधिक ठरलेली फी. एकच बिल एका काउंटीत कंत्राटदाराच्या नफ्यातून जातं, तर शेजारच्या काउंटीत करदात्याच्या खिशातून. तयार प्लॅटफॉर्ममध्ये ग्रुप, प्लॅन, बेनिफिट असे कप्पे असतात. त्यात हे कोंबता येतं, नाही असं नाही. पण कॅप संपण्याच्या दिवशी कोणतं बिल कॅपच्या अलीकडे आणि कोणतं पलीकडे, हे सेवेच्या तारखेवर ठरवायचं, बिल मिळाल्याच्या तारखेवर की पैसे दिल्याच्या तारखेवर, हे करारात बघितल्याशिवाय कोड लिहू नका. काउंटीशी होणाऱ्या भांडणांत याचा वाटा फार मोठा असतो.

आता ताब्याकडे येतो. एक बनवलेलं पण रोजच्या पठडीतलं उदाहरण घ्या. शुक्रवारी रात्री अकरा वाजता शहर पोलीस एकाला पकडतात. त्याच्या छातीत दुखतंय म्हणून थेट हॉस्पिटलात नेतात. शनिवारी पहाटे चारला डॉक्टर त्याला ॲडमिट करतात. सकाळी नऊला शेरिफचा डेप्युटी येऊन खाटेपाशीच कागद करतो, म्हणजे काउंटीच्या दप्तरी त्याचं बुकिंग (ताब्याची अधिकृत नोंद) आता झालं. सोमवारी दुपारी न्यायाधीश त्याला जातमुचलक्यावर सोडतात, डेप्युटी बेडी काढून निघून जातो, आणि माणूस त्याच खाटेवर गुरुवारपर्यंत उपचार घेतो. हॉस्पिटलचं बिल एकच येतं: शुक्रवार ते गुरुवार.

कोणी भरायचं? बुकिंगआधीचे तास शहराचे की काउंटीचे, हे राज्याच्या कायद्यावर. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सिटी ऑफ रिव्हिअर विरुद्ध मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल या खटल्यात नेमकं हेच म्हटलं: पकडताना जखमी झालेल्याला उपचार मिळतील हे पाहणं शहराचं घटनात्मक कर्तव्य, पण हॉस्पिटलचं बिल शेवटी कोण भरणार ते राज्याच्या कायद्याने ठरेल. कंत्राटदाराची जबाबदारी बहुतेक करारांत बुकिंगपासून सुरू होते, काही करारांत मात्र जेलच्या दारात नर्सने तपासून आत घेतल्यापासून. तसं असेल तर या माणसाचा एक तासही कंत्राटदाराचा नाही, कारण तो जेलच्या दारापर्यंत पोचलाच नाही. सोमवार दुपारनंतर तो मोकळा माणूस आहे, म्हणजे त्याचा स्वतःचा विमा किंवा मेडिकेड, कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा. आणि मधल्या सव्वादोन दिवसांचं काय? हॉस्पिटलला जर मेडिकेअरच्या (मुख्यतः वृद्धांच्या सरकारी विम्याच्या) पद्धतीने, म्हणजे डीआरजी या आजारांच्या गटांप्रमाणे पैसे मिळणार असतील तर अख्ख्या ॲडमिशनची एकच रक्कम असते, ती दिवसांत मोडलेली नसते. मग करारात वाटणीचा नियम हवा: ॲडमिशनच्या क्षणी ज्याचा ताबा त्याचं सगळं, की दिवसांच्या प्रमाणात. नियम नसेल तर तुमचं सॉफ्टवेअर तो शोधून काढू शकणार नाही. क्लायंटच्या वकिलाला काउंटीच्या वकिलाशी बसावंच लागेल.

यात नियत बरी नसण्याचाही एक कोपरा आहे. गंभीर आजारी कैद्याला हॉस्पिटलात पोचवायचं आणि बिल टाळण्यासाठी लगोलग जामिनावर सोडायचं, बरा झाला की पुन्हा ताब्यात घ्यायचं, हे अमेरिकेत बऱ्याच काउंटींत घडत आलंय. सुटकेची वेळ आणि हॉस्पिटलची वेळ तुमच्या यंत्रणेत शेजारी-शेजारी दिसू लागली की हे उघड्यावर पडतं. काही शेरिफांना ते आवडणार नाही. तयारी ठेवा.

म्हणून पहिलं बांधकाम ताब्याच्या कालरेषेचं. जेलचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं, त्याला इथे जेल मॅनेजमेंट सिस्टीम म्हणतात. त्यातून रोज रात्री एक फाइल मागवण्यावर समाधान मानू नका, प्रत्येक घटना घ्या: बुकिंग, सुटका, दुसऱ्या काउंटीत हलवणं, कोर्टात नेणं, हॉस्पिटलला नेणं, परत आणणं. दर घटनेला दोन वेळा ठेवा, ती घडली कधी आणि आपल्याला कळली कधी. आपल्याकडे फेरफाराची नोंद जशी जुनी न खोडता नवी ओढली जाते तसं हे रजिस्टर चालवा. सुटकेचा आदेश तीन दिवस उशिरा नोंदला गेला तर जुनी ओळ पुसू नका, नवी घाला. वर्षभराने काउंटी विचारेल की मार्चमध्ये हे बिल का भरलं. त्या दिवशी आम्हाला काय माहीत होतं हे दाखवता आलं पाहिजे.

ताबा म्हणजे आत किंवा बाहेर असा दोनच खणांचा प्रकारही नाही. जामीन, पॅरोल, प्रोबेशन, घरात नजरकैद, कामासाठी दिवसा बाहेर सोडलेले, अमेरिकन मार्शल सर्व्हिस या केंद्रीय यंत्रणेने भाड्याच्या खाटेवर ठेवलेले, शेजारच्या काउंटीचे पाहुणे, असे पुष्कळ प्रकार. मेडिकेअरने १ जानेवारी २०२५ पासून 'कोठडीत' या शब्दाची व्याप्ती कमी केली, जामीन, पॅरोल, प्रोबेशनवर असलेले त्यातून बाहेर काढले. म्हणजे २०२४ च्या तारखेचं आणि २०२५ च्या तारखेचं सारखं दिसणारं बिल वेगळ्या दारी जाऊ शकतं. मार्शल सर्व्हिसच्या कैद्याचा खर्च तर काउंटीचा नाहीच, तो केंद्राचा, आणि त्याला केंद्रीय कायद्याने मेडिकेअर दराची मर्यादा आहे. या कैद्याचं बिल काउंटीच्या कॅपमध्ये मोजलं गेलेलं मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलंय.

हॉस्पिटलकडून येणाऱ्या बिलातही ताब्याच्या खुणा असतात, त्या वाचायला शिका. सीएमएस-१५०० या डॉक्टरांच्या बिलाच्या फॉर्मवर सेवेचं ठिकाण ०९ म्हणजे तुरुंग, मेडिकेअरच्या बिलावर क्यूजे मॉडिफायर म्हणजे राज्य किंवा स्थानिक कोठडीतला रुग्ण, यूबी-०४ वर कंडिशन कोड ६३ म्हणजे कैदी, आणि डिस्चार्ज स्टेटस २१ म्हणजे कोर्टाच्या किंवा पोलिसांच्या हवाली केला. सोमवारी सुटलेल्या आपल्या माणसाच्या बिलावर २१ आला असेल तर हॉस्पिटलच्या क्लार्कने सवयीने टाकलाय. या खुणांवर निकाल देऊ नका, पण कालरेषेशी त्या जुळत नसतील तर बिल माणसासमोर ठेवा.

नावांचा घोळ वेगळाच. हॉस्पिटलात बेशुद्ध आलेला माणूस 'जॉन डो' (अनोळखी पुरुषाला देतात ते नाव), बुकिंगला भावाचं नाव सांगणारा, दर बुकिंगला नवा क्रमांक देणारं जेल, आडनावांची अदलाबदल. विम्यात मेंबर आयडी असतो, इथे तुम्हाला माणूस एक आणि बुकिंग अनेक असं नातं स्वतः उभं करावं लागेल. बोटांच्या ठशांवरून दिलेला कायमचा क्रमांक जेलकडे असतो, तो मागा. मिळेलच असं नाही, कारण पुढे सांगतो.

मेडिकेडबद्दल थोडं सविस्तर, कारण पैशाची मोठी गळती इथे आहे. १९६५ च्या मूळ कायद्यापासूनच मेडिकेडचा केंद्रीय पैसा तुरुंगातल्या माणसासाठी चालत नाही. अपवाद एकच, तो तुरुंगाबाहेरच्या वैद्यकीय संस्थेत, साधारण २४ तास किंवा जास्त, ॲडमिट असेल तेव्हा. २०१४ पासून अनेक राज्यांनी मेडिकेडची कक्षा रुंदावल्यावर निम्न उत्पन्नाचे प्रौढ पात्र झाले, म्हणजे त्या राज्यांत बहुतेक कैदी पात्र झाले, आणि या अपवादाला खरी किंमत आली. आपल्या उदाहरणातलं ॲडमिशन अशा राज्यात मेडिकेडकडे जायला हवं. हॉस्पिटल थेट मेडिकेडला बिल लावतं, कंत्राटदार मध्ये येत नाही. पण हॉस्पिटलला ते करायला सांगणार कोण? बिल तुमच्या क्लायंटकडे आलं, त्याने मुकाट्याने भरलं, की पैसे गेले. म्हणून नव्या यंत्रणेत ॲडमिशनचं बिल निकालात काढण्याआधी मेडिकेड पात्रतेची २७० विचारणा (ठरावीक साच्यातला इलेक्ट्रॉनिक संदेश) घाला, आणि नंतर पात्रता मागील तारखेपासून लागू झाली तर भरलेले पैसे परत मागण्याची वाटही ठेवा.

हे चित्र पालटतंयही. जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाला सुटकेआधीच्या ९० दिवसांत काही ठरावीक सेवा मेडिकेडखाली देण्याची परवानगी मिळाली, मागून इतर राज्यं रांगेत लागली. १ जानेवारी २०२५ पासून २१ वर्षांखालच्या, शिक्षा झालेल्या पात्र तरुणांना सुटकेआधीच्या ३० दिवसांत तपासण्या आणि केस मॅनेजमेंट देणं राज्यांवर बंधनकारक झालं. आणि १ जानेवारी २०२६ पासून कैद झाली म्हणून कुणाचं मेडिकेड रद्द करायचं नाही, फक्त स्थगित ठेवायचं. याचा तुमच्या रचनेवर सरळ परिणाम असा की आजवर बिलं घेणारा कंत्राटदार या सेवांसाठी बिलं लावणारा होतो. त्याला ८३७ (क्लेमची इलेक्ट्रॉनिक फाइल) वाचता येऊन भागणार नाही, बनवून पाठवावा लागेल, ८३५ (पैसे दिल्याचा इलेक्ट्रॉनिक तपशील) वरून जमा जुळवावी लागेल, नाकारलेल्या क्लेमचा पाठपुरावा करावा लागेल. आणि सुटकेआधीचे ९० दिवस मोजायचे तर जेलमध्ये सुटकेची तारीख आधी कळायला हवी! पुन्हा ताब्याची कालरेषाच.

दर लावणं हा भाग मी झटकन उरकतो, कारण इथे तुमच्या हातून शोध लागण्यासारखं काही नाही. मेडिकेअरचे दर, डीआरजी ग्रुपर (गट ठरवणारं सॉफ्टवेअर), कोडिंगच्या तपासण्या हे सगळं तयार विकत मिळतं, दर वर्षी बदलतं, ते स्वतः लिहू नका. वर राज्याचे नियम बसवा. फ्लोरिडात राज्याच्या कैद्यांवर उपचार करणाऱ्या आणि करार नसलेल्या प्रोव्हायडरला (डॉक्टर किंवा हॉस्पिटलला) मेडिकेअर दराच्या ११० टक्क्यांहून जास्त देता येत नाही, तोट्यातल्या हॉस्पिटलला १२५ टक्के. असे नियम कॉन्फिगरेशनमध्ये तारखेसकट ठेवा, कोडमध्ये नको.

ऑथरायझेशन मात्र रेंगाळण्याजोगा विषय आहे. जेलमधला डॉक्टर बाहेरच्या तपासणीची विनंती करतो, कंत्राटदाराचा यूएम विभाग (उपचाराची गरज तपासणारा) मंजुरी देतो, क्रमांक तयार होतो. कागदावर छान. प्रत्यक्षात रात्री दोनला नर्स ऑन-कॉल डॉक्टरला फोन करते, तो 'पाठव' म्हणतो, डेप्युटी गाडी काढतो. क्रमांक कोणी बनवत नाही, हॉस्पिटलच्या बिलावर तो नसतो, आणि सहा आठवड्यांनी क्लेम विभाग 'मंजुरी नाही' म्हणून नाकारतो. हॉस्पिटल अपील करतं, इकडे कुणीतरी जुने ई-मेल चाळतं, चार महिन्यांनी पैसे जातात. माझा नियम साधा आहे: तुमच्या डेप्युटीने तुमच्या गाडीतून माणूस नेला असेल तर मंजुरी नव्हती हे कारण देता येणार नाही. शेरिफच्या ट्रान्सपोर्ट लॉगमध्ये कोण, कधी, कुठे, कोणासोबत हे मिनिटासकट असतं. त्या लॉगमधून मंजुरी आपोआप तयार होऊ द्या आणि बिल रुग्ण, हॉस्पिटल आणि तारखेच्या खिडकीवर जुळवा. एका ठिकाणी एवढं एकच केलं, तर प्रलंबित ढिगाचा मोठा भाग इंजिन न बदलताच हलला. क्रमांक हा पुरावा म्हणून चांगला, अट म्हणून वाईट.

आता ८५ टक्क्यांचं. खासगी विम्यात हा आकडा चालतो कारण तिथे साध्या क्लिनिक भेटींची रास असते. इथे क्लेमची संख्या कमी आणि हॉस्पिटलची मोठी बिलं जास्त. थोड्या बिलांत बहुतेक पैसा. तेव्हा डायलिसिस, ॲम्ब्युलन्स, लॅब, एक्स-रे यांचं शक्य तितकं आपोआप सोडवा, आणि ॲडमिशनकडे माणूस बघू दे. क्लायंटला दुसरी मोजमापं द्या: स्वच्छ बिल किती दिवसांत चुकतं झालं, पहिल्या फेरीत नाकारलेल्यांपैकी किती अपिलात उलटले, कालरेषेत ताबा न सापडलेली बिलं किती. नाकारलेल्यांपैकी निम्मे उलटत असतील तर ८५ टक्के ऑटोमेशन हा कौतुकाचा विषय नाही.

एआयला माझा विरोध नाही. तिरका स्कॅन झालेला फॅक्स वाचणं, दोनशे पानांच्या रेकॉर्डमधून ॲडमिशनची नोट शोधणं, तीच बिलं दुसऱ्यांदा आलीत का हे पकडणं, हॉस्पिटलला पाठवायच्या पत्राचा मसुदा, ही कामं तो बरी करतो. पण उपचार गरजेचा नव्हता असं ठरवून नकार देणं त्याच्या हाती देऊ नका. इथल्या प्रत्येक नकाराची फाइल काही वर्षांनी एखाद्या मृत्यूच्या खटल्यात वकिलाच्या टेबलावर उघडली जाऊ शकते. तिथे 'मॉडेलचा स्कोअर ०.४१ होता' हे उत्तर तुमच्या क्लायंटला परवडणार नाही. कोणी, कोणत्या नियमाने, समोर कोणते कागद असताना ठरवलं हे एका क्लिकवर निघालं पाहिजे.

विम्याच्या प्लॅटफॉर्ममध्ये काही गोष्टी सरळ बंद कराव्या लागतात. नमुना म्हणून ईओबी घ्या, म्हणजे क्लेमचा हिशेब सांगणारं पत्र. तयार प्लॅटफॉर्म ते आपसूक रुग्णाच्या पत्त्यावर धाडतो. इथे पत्ता म्हणजे जेल किंवा आईचं घर. बाहेरच्या अपॉइंटमेंटची तारीख कैद्याला आणि त्याच्या घरच्यांना आधी कळू देत नाहीत, वाटेत पळून जायचा किंवा कुणी सोडवायला यायचा धोका असतो. फॉलो-अपची तारीख असलेलं एक पत्र घरी गेलं की शेरिफ तुमच्या क्लायंटला फोनवर काय बोलेल ते मी इथे लिहू शकत नाही. मंजुरीची पत्रं, पोर्टल, एसएमएस, सगळ्यावर हाच पहारा हवा.

पुण्यात बसून काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. वैद्यकीय माहितीला हिपा हा गोपनीयतेचा कायदा लागू आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, व्यसनमुक्ती उपचारांच्या नोंदींना त्याहून कडक वेगळे नियम आहेत. पण जेलच्या सॉफ्टवेअरमधून येणाऱ्या माहितीत एफबीआयच्या सीजेआयएस (गुन्हेविषयक माहितीच्या सुरक्षेच्या) धोरणाखाली येणारा भाग असू शकतो, आणि तो बघणाऱ्याची ठसे घेऊन पार्श्वभूमी तपासणी लागते. ठशांवरचा तो कायमचा क्रमांक सहज मिळत नाही तो यामुळेच. अनेक राज्यांच्या करारांत मेडिकेडची माहिती देशाबाहेर न्यायलाही मनाई असते. तेव्हा कराराची ही कलमं पहिल्या आठवड्यात वाचा आणि खोट्या माहितीवर चाचणी करायची सोय करा. ती खोटी माहिती अस्सल गबाळी हवी: टोपणनावं, उलटसुलट तारखा, एकाच रात्री दोन बुकिंग. स्वच्छ नमुन्यावर पास झालेली यंत्रणा पहिल्याच सोमवारी बसते.

क्लायंट म्हणेल, बिलं थकली म्हणून काय आभाळ कोसळतं, हॉस्पिटल थोडीच इमर्जन्सी नाकारणार. इमर्जन्सी नाही नाकारणार, पण हाडांचा डॉक्टर, डोळ्यांचा डॉक्टर नाकारतो. कॅलिफोर्नियात राज्याच्या प्रिझनमधली आरोग्यसेवा इतकी ढासळली की न्यायालयाने ती २००६ मध्ये रिसीव्हरकडे, म्हणजे आपण नेमलेल्या प्रशासकाकडे सोपवली, आणि त्याच वर्षी न्यायाधीश थेल्टन हेंडरसन यांना बाहेरच्या प्रोव्हायडरांची थकलेली बिलं चुकती करण्याचा आदेश द्यावा लागला, कारण पैसे न मिळाल्याने तज्ज्ञ डॉक्टर कैद्यांना पाहायला तयार नव्हते. अलीकडे तुरुंग आरोग्यसेवेतल्याच कोरायझनची जुनी देणी ज्या टीहम कंपनीत ढकलली गेली तिने फेब्रुवारी २०२३ मध्ये, आणि त्याच धंद्यातल्या वेलपाथने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यामुळे आता हॉस्पिटलं या क्षेत्रातल्या कुठल्याही नव्या नावाकडे संशयाने बघतात आणि काउंट्या विचारतात की आमच्या वाट्याचे क्लेमचे पैसे वेगळ्या खात्यात आहेत का. घडलेल्या पण अजून बिल न आलेल्या खर्चाचा, म्हणजे आयबीएनआरचा अंदाज काउंटीनिहाय दाखवता येणं हे तुमच्या यंत्रणेचं विकलं जाणारं वैशिष्ट्य ठरेल. ट्रान्सपोर्ट लॉग हाती असल्यावर तो अंदाज बराच अचूक येतो, कारण माणूस हॉस्पिटलात गेला हे बिल येण्याच्या कितीतरी आधी कळलेलं असतं.

कंत्राट संपतं तेव्हाचाही विचार आत्ताच करा. दर काही वर्षांनी काउंटी नवं टेंडर काढते. नवा कंत्राटदार येतो, पण त्याआधीच्या तारखांची बिलं जुन्याकडेच येत राहतात. ताब्याची कालरेषा काउंटीच्या मालकीची, क्लेमचे निकाल दोघांना मिळतील अशा स्वरूपात, हे करारात नसेल तर दोन कंत्राटदार एकमेकांकडे बोट दाखवतात आणि हॉस्पिटल फेऱ्या मारत बसतं.

तर नऊ महिन्यांचं मी असं बसवेन. पहिले तीन-साडेतीन महिने एकाच काउंटीची कालरेषा आणि ट्रान्सपोर्ट लॉगची जोडणी, क्लेम जुन्याच ॲक्सेसमध्ये, फक्त तपासणाऱ्याच्या स्क्रीनवर शेजारी कालरेषा. मग क्लिअरिंगहाउसमार्फत, म्हणजे बिलांची इलेक्ट्रॉनिक ने-आण करणाऱ्या मध्यस्थामार्फत, ८३७ घेणं आणि ८३५ पाठवणं सुरू करा. क्लिअरिंगहाउस एकच ठेवू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या मोठ्या क्लिअरिंगहाउसवर सायबर हल्ला झाला तेव्हा एकाच दारावर विसंबलेल्यांची बिलं आठवडेच्या आठवडे अडकली. छोटी हॉस्पिटलं आणि ॲम्ब्युलन्सवाले कागदच पाठवत राहतील, त्यांच्यासाठी स्कॅनिंग ठेवा. इंजिन सहाव्या महिन्यात निवडा. क्लायंटकडे दहा-बारा काउंट्या असतील तर दर लावणारं मॉड्यूल विकत, निकालाचे नियम स्वतःचे, हे मला पटतं. शंभराच्या पुढे काउंट्या किंवा राज्याचं प्रिझन खातं असेल तर तयार प्लॅटफॉर्म घेऊन त्याच्या पात्रता कप्प्याला तुमची कालरेषा जोडणं स्वस्त पडेल. विक्रेत्याला डेमोत वरचं शुक्रवार ते गुरुवारचं बिल चालवून दाखवायला सांगा. 'आम्ही मेंबरची पात्रता दिवसाच्या पातळीवर ठेवतो' असं उत्तर आलं तर तासाच्या पातळीवर आणायला किती खर्च येईल ते लेखी घ्या.

या आठवड्यात क्लायंटकडून मागून घ्या: गेल्या तीन महिन्यांतली नाकारलेली ॲडमिशनची बिलं, त्याच काळातलं बुकिंग आणि ट्रान्सपोर्टचं रजिस्टर, आणि प्रत्येक काउंटीशी झालेला करार. बिलं आणि रजिस्टर ओळख झाकून मिळतील, पण तीच व्यक्ती दोन्हीकडे एकाच बनावट क्रमांकाने झाकलेली असू दे, नाहीतर जुळणी होणार नाही. क्लायंटच्या बाजूचा एखादा जुना तपासनीस सोबत घ्या आणि हाताने जुळवत बसा. किती बिलं ताब्यावर अडली, किती मंजुरीवर आणि किती खरोखर इंजिनवर, हे तुम्हालाच दिसेल. करार पाठवताना त्यांचा वकील दरांचे आकडे काळे करून पाठवेल. चालेल. ताबा कुठून सुरू होतो आणि कॅप कसा मोजायचा ही कलमं मात्र काळी करायची नाहीत, एवढं त्याला आधीच कळवून ठेवा.